इंटरनेट दूरध्वनी आणि वेगाचा प्रश्न

दरवर्षीच्या अहवालात वैद्यकीय सेवेच्या आकडेवारीबरोबरच रुग्णालयाच्या कामकाजातील एखाद्या अंगाची माहिती हितचिंतकांपुढे ठेवण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा त्यासाठी दूरध्वनी हा विषय घेतला आहे. जुन्या ईपीएबीएक्सच्या जागी इंटरनेट पद्धतीचे टेबलावरचे दूरध्वनी बसविण्याचे काम हाती घेतल्यापासून सभासद, देणगीदार आणि खुद्द आमचे डॉक्टरही एकच प्रश्न विचारीत आले आहेत : या फोनसाठी इंटरनेटचा वेग किती लागतो? काहींनी तर अधिक वेगाची जोडणी घेता यावी म्हणून मदतही देऊ केली. या आस्थेबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. मात्र प्रश्नाचे सरळ उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, आणि तेवढ्यावरच थांबले तर पैसा भलत्या ठिकाणी खर्च होण्याचा संभव असतो. म्हणून हे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

कार्यालयातील दूरध्वनी आणि रुग्णालयातील दूरध्वनी दिसायला सारखेच असतात. फरक असतो तो त्यावरून जाणाऱ्या शब्दांत. रात्री दोन वाजता परिचारिका घरी असलेल्या डॉक्टरांना फोन लावून औषधाची मात्रा विचारते. डॉक्टर ‘साडेसात’ म्हणतात. शब्दाचा पहिला तुकडा वाटेत गळला तर इकडे ‘सात’ ऐकू येते. ‘पाचशे’चा शेवट गळला तर ‘पाच’ उरतात. दोन्ही वेळा जे ऐकू येते ते अर्थपूर्णच असते, आणि धोका नेमका तेथे आहे. खरखर ऐकू आली असती तर परिचारिकेने पुन्हा विचारले असते. फोनवर मिळालेली सूचना लिहून घ्यावी आणि लगेच वाचून दाखवावी, ही शिस्त याचसाठी आहे व यंत्रे कितीही सुधारली तरी ती राहील. परंतु माणसाच्या शिस्तीवर यंत्राने आपला भार टाकू नये, एवढी अपेक्षा तरी ठेवावयास हवी.

आवाजाची पाकिटे

जुन्या पद्धतीत फोन लागला की बोलणाऱ्या दोघांसाठी एक वाट संभाषण संपेपर्यंत राखून ठेवली जाई. दोघे गप्प बसले तरी ती वाट त्यांचीच. नव्या पद्धतीत अशी राखीव वाट नसते. आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घातला जातो, त्यावर पत्ता लिहिला जातो आणि ही पाकिटे इतरांच्या टपालाबरोबर एकाच रस्त्याने रवाना होतात. पलीकडचे यंत्र ती उघडून, क्रमाने लावून, पुन्हा आवाज तयार करते.

याचा हिशेब फारसा कठीण नाही. दूरध्वनीचा आवाज आकड्यांत बदलण्याची जी.७११ ही पद्धत १९७२ साली ठरली व आजही ती सर्वत्र चालते. तिच्यात आवाजाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली जाते. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पाकीट करतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. एका पाकिटात आवाजाचा ऐवज १६० बाइटांचा असतो आणि वर ४० बाइटांचा पत्ता. इमारतीतल्या केबलवरून जाताना आणखी १८ बाइटांचे वेष्टन चढते. अशी २१८ बाइटांची ५० पाकिटे म्हणजे सेकंदाला ८७.२ किलोबिट. हा खर्च जाण्याच्या दिशेने तेवढाच आणि येण्याच्या दिशेने तेवढाच. व्यवहारात एका संभाषणास प्रत्येक दिशेने १०० किलोबिट धरले की पुरे.

याहून काटकसरीची जी.७२९ ही पद्धत १९९६ साली आली. तिच्यात आवाजाला सेकंदाला केवळ ८ किलोबिट लागतात. गंमत अशी की तिच्या पाकिटात ऐवज २० बाइटांचा आणि पत्ता मात्र तोच ४० बाइटांचा. चिठ्ठीपेक्षा पाकीट जड. त्यामुळे आठ किलोबिटांचा आवाज केबलवर सुमारे ३१ किलोबिट खातो. जोडण्या महाग होत्या त्या काळात ही बचत मोलाची होती. आज तिच्यासाठी आवाजाचा दर्जा कमी करून घेण्याचे रुग्णालयास काही कारण नाही, असे आमचे मत आहे.

उलट त्याच ६४ किलोबिटांत अधिक चांगला आवाज मिळू शकतो. साधा दूरध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो. ‘स’ आणि ‘फ’ या ध्वनींची ओळख पटविणारा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असतो, म्हणूनच फोनवर आडनावे आणि औषधांची नावे पुनःपुन्हा सांगावी लागतात. १९८८ साली संमत झालेली जी.७२२ पद्धत ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ६४ किलोबिटांतच बसविते. दोन्ही टोकांची यंत्रे व मधले एक्सचेंज यांना ती येत असली पाहिजे, एवढीच अट. बाहेरच्या साध्या दूरध्वनीशी बोलताना आवाज पुन्हा अरुंद होतो. पण वॉर्डातून औषध भांडारात किंवा रक्तपेढीत लावलेल्या फोनला तिचा पूर्ण लाभ मिळतो, आणि औषधांची नावे सर्वांत अधिक उच्चारली जातात ती या अंतर्गत फोनांवरच.

एकाच वेळी किती जण बोलतात

यंत्रे शंभर असली म्हणून शंभर संभाषणे एका वेळी चालत नाहीत. वाटा किती ठेवाव्यात याचे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एरलँग यांनी १९०९ व १९१७ सालच्या लेखांत मांडले आणि ते आजही तसेच वापरले जाते. समजा, सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या ऐन गर्दीच्या तासात बाहेरून येणारे व बाहेर जाणारे मिळून १२० फोन होतात आणि प्रत्येक सरासरी तीन मिनिटे चालतो. ही झाली ३६० मिनिटे. म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी सहा संभाषणे. पण सहाच वाटा ठेवल्या तर चारांतील एकाहून अधिक फोनांना ‘लाइन व्यस्त’ ऐकावे लागेल, कारण फोन सरासरीने येत नाहीत, झुंडीने येतात. दहा वाटा ठेवल्या तर शंभरात सुमारे चार परत जातात. तेरा ठेवल्या तर दोनशेत एखादा.

तेरा संभाषणांना लागतात सुमारे १,१३४ किलोबिट, म्हणजे सव्वा मेगाबिटाहूनही कमी. एका मध्यम रुग्णालयाच्या बाहेरच्या साऱ्या दूरध्वनींची गरज ती एवढीच. आज घरगुती जोडणीही याच्या कितीतरी पट वेगाची मिळते. २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणाने आपल्या देशात ज्या जोडणीस ब्रॉडबँड म्हणावयाचे ठरविले होते ती २५६ किलोबिटांची होती. ती व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटांवर आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटांवर नेण्यात आली. त्या जुन्या २५६ किलोबिटांतही, दोन्ही दिशांना तेवढा वेग मिळाला असता, तर दोन संभाषणे सुखाने बसली असती.

येथे एक बारकावा सांगणे जरूर आहे. पहिल्या मजल्यावरील वॉर्डातून तळमजल्यावरील प्रयोगशाळेस फोन केला तर ती पाकिटे इंटरनेटवर जातातच असे नाही. एक्सचेंज इमारतीतच असेल तर पाकिटे आपल्याच स्विचमधून वळून पोहोचतात. बाहेरची जोडणी तुटली तरी आतले फोन चालू राहतात. एक्सचेंज भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकावर असेल तर मात्र आतला फोन लावण्यासाठीही आधी बाहेर निरोप जावा लागतो. अशा व्यवस्थेत रस्त्यावर खोदकाम करताना कोणी फायबर तोडली, तर अतिदक्षता विभागास जिन्याखालच्या रक्तपेढीशी बोलता येणार नाही. भाड्याच्या व्यवस्थेत देखभालीची कटकट नसते, आरंभीचा खर्चही कमी असतो, आणि एखाद्या कार्यालयासाठी ती उत्तमच. रुग्णालयासाठी एक्सचेंज इमारतीत असावे असा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला तो या एका कारणासाठी.

वेळेवर पोहोचणे

एवढ्या थोड्या वेगात काम भागते, तर मग शंभर मेगाबिटांची जोडणी असलेल्या ठिकाणीही फोनवर शब्द का तुटतात? या प्रश्नाचे उत्तर वेगाच्या आकड्यात सापडत नाही. संकेतस्थळ उघडताना किंवा अहवाल उतरवून घेताना एखादे पाकीट हरवले तर संगणक ते पुन्हा मागवितो. आपल्याला फार तर अर्धा सेकंद थांबावे लागते. फोनला ही सवड नसते. जो शब्दांश आता ऐकू यावयाचा तो अर्ध्या सेकंदाने आला तर त्याचा उपयोग काय? म्हणून फोनची यंत्रे हरवलेले पाकीट परत मागवीत नाहीत, आणि उशिरा आलेले पाकीट टाकून देतात. उशीर आणि हरवणे यांत फोनच्या दृष्टीने भेद नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार तोंडातून निघालेला आवाज दुसऱ्याच्या कानी १५० मिलिसेकंदांच्या आत पडला तर बहुतेक संभाषणांत अडचण वाटत नाही. ४०० मिलिसेकंदांच्या पुढे तो उशीर सहन होण्यासारखा नसतो. मधल्या पट्ट्यात दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात, पुन्हा दोघेही बोलतात. उपग्रहावरून लागणाऱ्या परदेशी फोनचा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यावयास प्रकाशालाच पाव सेकंद लागतो.

दीडशे मिलिसेकंदांच्या या शिधेतील काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो. पाकीट भरण्यासाठी २० मिलिसेकंद जातात. पाकिटे वाटेत मागेपुढे होतात म्हणून घेणारे यंत्र ती थोडा वेळ जमवून ठेवते व मग समान अंतराने वाजविते. त्यात आणखी चाळीस-साठ मिलिसेकंद जातात. अंतराचा भाग आपल्या राज्यापुरता नगण्य आहे : फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा मुंबई-पुणे अंतरास मिलिसेकंदभरही लागत नाही. उरतो तो रांगेत उभे राहण्याचा वेळ, आणि सगळी गोम तेथे आहे.

आमच्या क्ष-किरण विभागाचे उदाहरण घेऊ. सीटी स्कॅनच्या एका छेदाचे चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे असते व प्रत्येक ठिपक्यास २ बाइट लागतात. म्हणजे एक चित्र सुमारे अर्धा मेगाबाइट. पाचशे छेदांची तपासणी झाली की २५० मेगाबाइट. रात्री हीच चित्रे घरी बसलेल्या तज्ज्ञांकडे पाठवावी लागतात. पाठविण्याच्या दिशेने १० मेगाबिट वेग असेल तर त्यास २०० सेकंद लागतात. ही तीन मिनिटे वीस सेकंद संगणक आपली पाकिटे जमेल तितक्या घाईने राउटरच्या दारात आणून टाकीत असतो. राउटरजवळ ती ठेवून घेण्यासाठी जागा असते. समजा एक मेगाबाइटची. ती भरली की मागून आलेल्या प्रत्येक पाकिटास पुढचे एक मेगाबाइट निघून जाईपर्यंत थांबावे लागते, म्हणजे ०.८ सेकंद. फोनचे दोनशे बाइटांचे पाकीट या रांगेत शेवटी उभे राहिले की त्याचे काय होणार हे उघड आहे. तपासणी पाठविणे आणि तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात, हे त्यातले दुर्दैव. रुग्ण अत्यवस्थ असतो तेव्हाच सीटी स्कॅन रात्री होतो, आणि तेव्हाच फोन खणखणतात.

यंत्रांतील स्मरणशक्ती स्वस्त झाल्यामुळे राउटर बनविणाऱ्यांनी ही ठेवण्याची जागा उदारपणे वाढवीत नेली आणि त्यातून हा विकार बळावला. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१० साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले व ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. रांग फार लांबू लागताच पाठविणाऱ्यास सावध करणारी एक युक्ती कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडली. आता पुष्कळ राउटरांत ती असते, पण ती चालू करावी लागते.

वेग दसपट केल्याने हा विकार जातो का? काही अंशी जातो. १०० मेगाबिटांवर तीच तपासणी २० सेकंदांत निघून जाईल आणि तेवढीच रांग ८० मिलिसेकंदांची होईल. परंतु तेवढा वेळ फोन त्रास देईलच. शिवाय जाहिरातीत सांगितलेला आकडा बहुधा उतरवून घेण्याच्या दिशेचा असतो. पाठविण्याचा वेग त्याहून बराच कमी असू शकतो, आणि फोनला दोन्ही दिशा सारख्याच लागतात. जोडणी घेताना हा दुसरा आकडा लेखी मागून घ्यावा, असे आम्ही ज्या ज्या संस्था विचारतात त्यांना सांगतो.

खरा उपाय दाराशी वर्दी देण्याचा आहे. फोनच्या पाकिटावर तातडीची खूण करता येते. ती ४६ या आकड्याने ओळखली जाते. स्विच व राउटर यांना शिकविले असेल तर अशी खूण असलेले पाकीट रांग सोडून पुढे जाते. रस्त्यावर रुग्णवाहिकेस वाट देतात तसेच हे. आणि रुग्णवाहिका संख्येने थोड्या असतात म्हणूनच ते जमते. फोनची पाकिटे बारीक व मोजकी असल्यामुळे त्यांना पुढे सोडल्याने सीटी स्कॅनला जाणवण्याइतका विलंब होत नाही. याच्या जोडीला दोन गोष्टी लागतात. आपल्या राउटरने पाठविण्याचा वेग जोडणीच्या खऱ्या वेगाहून थोडा कमीच ठेवावा, म्हणजे रांग लागलीच तर ती आपल्या दारात लागते, जेथे आपला हुकूम चालतो. पलीकडच्या दारात नाही. आणि फोनसाठी स्विचमध्येच वेगळा विभाग आखून द्यावा. एका मर्यादेचीही जाणीव ठेवली पाहिजे. ही खूण आपल्या फाटकापर्यंतच मानली जाते. सार्वजनिक इंटरनेटवर ती मानण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणूनच क्ष-किरण विभागाची पाठवणी एका जोडणीवर आणि दूरध्वनी दुसऱ्या जोडणीवर, अशी विभागणी आम्ही पत्करली आहे. दुसरी जोडणी पहिलीपेक्षा कमी वेगाची आहे, हे ऐकून एका ज्येष्ठ सभासदांना थोडे वाईट वाटले होते. वरील सव्वा मेगाबिटांचा हिशेब पाहून त्यांचे समाधान झाले.

जोडणीची परीक्षा वेग मोजण्याच्या संकेतस्थळावर होत नाही. ते काही सेकंदांत किती माल वाहून गेला एवढेच सांगते. परीक्षा अशी घ्यावी : गर्दीच्या वेळी एक मोठी तपासणी पाठविण्यास लावावी, आणि ती जात असताना दोघांनी फोनवर एकमेकांस एक ते शंभर आकडे वाचून दाखवावेत. एक पाकीट गळले तर यंत्र शेजारच्या आवाजावरून ती भेग बुजविते व कानास कळतही नाही. सलग दहा-बारा गळली की पाव सेकंद जातो, आणि ‘साडे’ म्हणावयास तेवढाच वेळ लागतो.

वेग खरोखर कोठे लागतो याचेही एक स्थान सांगून ठेवतो. बहुतेक टेबलावरच्या फोनांना दोन खाचा असतात. एकीत भिंतीतून आलेली केबल जाते, दुसरीतून शेजारच्या संगणकास जोडणी मिळते. त्यामुळे प्रत्येक टेबलास दुहेरी केबल ओढावी लागत नाही. परंतु स्वस्त फोनांची ही खाच १०० मेगाबिटांची असते. मग भिंतीतील जाळे एक गिगाबिटाचे असले तरी त्या संगणकास त्याचा दहावा भागच मिळतो. टंकलेखनास तो पुष्कळ आहे. पण वर सांगितलेली २५० मेगाबाइटची तपासणी इमारतीतल्या साठ्यातून उघडावयास गिगाबिटावर दोन सेकंद लागतात तेथे वीस लागतील. ज्या टेबलांवर डॉक्टर चित्रे पाहतात तेथे एकतर गिगाबिट खाचेचे फोन घ्यावेत किंवा संगणकास स्वतंत्र केबल द्यावी. बिनतारी जाळ्यावर टेबलाचे फोन चालवू नयेत. ते जाळे रुग्णांच्या नातेवाइकांसह सर्वांचे असते आणि तेथे कोणाची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नसतो.

वीज गेल्यावर

आतापर्यंतचे सारे वीज असतानाचे झाले. जुन्या तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीस ४८ व्होल्टची वीज एक्सचेंजमधील बॅटऱ्यांकडून तारेतूनच मिळे. गावात अंधार असला तरी फोन चाले, आणि ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की ती सोय आहे याचेच विस्मरण झाले होते. नव्या फोनला स्वतःची वीज लागते, त्याच्या स्विचला लागते, एक्सचेंजला लागते, राउटरला लागते आणि फायबर जेथे संपते त्या डबीलाही लागते. साखळीतील एक कडी विझली की सगळे मुके.

फोनला वेगळी वीज न देता केबलमधूनच ती देण्याचा दंडक २००३ साली ठरला. त्यानुसार स्विच एका खाचेतून १५.४ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो आणि केबलची लांबी १०० मीटरपर्यंत असू शकते. यामुळे प्रत्येक टेबलावर बॅटरी ठेवण्याऐवजी स्विचच्या कपाटात एकच यूपीएस ठेवून काम भागते. २४ फोन प्रत्येकी ५ वॉटचे धरले तर १२० वॉट, स्विचचे स्वतःचे ४० धरू, एकूण १६०. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,२०० वॉट-तास देते, म्हणजे साडेसात तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करावयाची नसते व काही वीज वाटेत जाते, म्हणून आम्ही चार तास धरतो.

जनरेटर असताना हे कशासाठी, असे विचारले जाते. जनरेटर वीज हाती घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. दिव्यांना त्याचे काही वाटत नाही. पण तेवढ्या खंडाने स्विच, एक्सचेंज आणि फोन बंद पडून नव्याने सुरू होतात आणि पुन्हा बोलते होण्यास काही मिनिटे घेतात. वीज जाण्याची ती पहिली मिनिटेच वॉर्डातून सर्वाधिक फोन होण्याची असतात. म्हणून अधिक वेगाच्या जोडणीसाठी आलेल्या मदतीपैकी काही रक्कम यूपीएस व बॅटऱ्यांकडे वळविण्यास संबंधित देणगीदारांची संमती आम्ही मागितली, आणि ती त्यांनी तत्परतेने दिली. बॅटरीवर नावाची पाटी लावता येत नाही, आणि तीन-चार वर्षांनी ती बदलावीच लागते. त्यामुळे या कामासाठी देणगी देणारे विरळा.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न देशव्यापी झाला आहे. तेथे तांब्याचे दूरध्वनी जाळे बंद करून सर्वांना इंटरनेट पद्धतीवर नेण्याची मुदत डिसेंबर २०२५ ची होती. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातील मदतीची घंटा दूरध्वनी तारेवर अवलंबून असते. बदलानंतर काही घंटा वाजल्याच नाहीत, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचे स्थलांतर थांबविण्यात आले आणि मे २०२४ मध्ये एकूण मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. आपल्याकडेही तांब्याच्या तारा झपाट्याने जाऊन त्यांच्या जागी फायबर येत आहे. आमच्याकडील दोन तारा, एक अपघात विभागात व एक रक्तपेढीत, मिळतील तोवर आम्ही ठेवणार आहोत. त्यांचे मासिक भाडे किरकोळ आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईच्या मोठ्या भागात विजेबरोबर दूरध्वनी आणि भ्रमणध्वनीही बंद पडले होते. दोन जोडण्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असून भागत नाही. त्या इमारतीत वेगवेगळ्या बाजूंनी आल्या पाहिजेत, आणि त्यांची उपकरणे तळघरात असता कामा नयेत. आमची एक केबल पुढच्या फाटकातून व दुसरी मागील गल्लीतून आली आहे, आणि दोन्ही कपाटे पहिल्या मजल्यावर आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीन वाजता दूरध्वनीच्या कपाटाची वीज मुद्दाम खंडित करून फोन चालू राहतात की नाही हे पाहिले जाते. प्रत्येक वॉर्डात फोनशेजारी एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू कक्ष आणि त्या दिवशी बोलावण्यावर असलेले डॉक्टर यांचे भ्रमणध्वनी क्रमांक परिचारिका रोज सकाळी खडूने लिहितात. सर्व फोन मुके झाल्यास कोणत्या मजल्यावरून कोणी निरोप घेऊन धावावयाचे, तेही त्याच पुठ्ठ्याच्या मागील बाजूस लिहिलेले आहे.